खिरीच्या दिवशी लिहिलेलं कुटुंब

आजवर मी स्वतःच्याच विरोधात एकच सरकारी कागद लिहिला आहे. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

देवळीच्या बाजूच्या एका गावात मी आशा सेविका आहे. त्या हिवाळ्यात तालुक्याहून एक यादी आली. मोफत उपचाराचं सरकारी कार्ड असलेल्या ज्या घरांत काही बदल झाल्याचं कळलं होतं, तिथं जाऊन खातरजमा करायची होती. कोणी वारलं, कोणी गाव सोडलं, कोणाला नोकरी लागली. नावासमोर ‘बदल खरा’ किंवा ‘खोटा’ अशी खूण करायची आणि खाली सही. यादीत आमच्याच वस्तीतल्या एका म्हातारीचं नाव होतं. तिचा मुलगा सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागला होता आणि त्यानं ते प्रामाणिकपणे कळवलं होतं. तेव्हा नोकरदाराच्या कुटुंबाला हे कार्ड मिळत नसे. मी खूण केली की म्हातारीचं कार्ड बंद, आणि तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी सेवाग्रामला ठरलेलं. मुलाच्या सरकारी खात्याकडून आईच्या उपचाराच्या सवलतीचे कागद अजून व्हायचे होते, त्यामुळे तिकडूनही काही मिळणार नव्हतं.

खरी गोची माझीच होती. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असं आम्हाला शिकवलेलं. म्हातारीची चूल सहा वर्षांपासून मागच्या पडवीत वेगळी होती, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे कुटुंबच वेगळं, मुलाच्या नोकरीनं तिचं कार्ड जायला नको होतं. पण मागचं सर्वेक्षण मी बुद्धपौर्णिमेला केलं होतं, कारण त्या दिवशी सगळे घरी सापडतात. अंगणात चुलीवर खिरीनं भरलेला मोठा गंज होता. आमच्याकडे त्या दिवशी वर्षभर न बोलणारेही एकाच गंजातलं खातात. म्हातारी, मुलगा, सून, दोन नातवंडं एका ओळीत बसलेली. मलाही बसवलं. मी दोन वाट्या खीर खाल्ली, रजिस्टर उघडलं आणि लिहून टाकलं: एकत्र कुटुंब, सदस्य पाच. डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं, मनाला माहीत होतं ते लिहिलं नाही.

यादी घेऊन गेले तेव्हा मुलगा दारातच आडवा आला. वेगळी चूल लिहू नका म्हणाला. चूल जुनीच वेगळी असली तरी आता कागदावर आली की नोकरी लागताच मायले वेगळं काढलं, असं गाव बोलेल, त्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्याचं दुःख मला कळत होतं, पण रागही आला. गाव काय बोलेल याचं ओझं त्या गाठीवर कशाला?

म्हातारी आतून सगळं ऐकत होती. ती भिंतीला धरून बाहेर आली.

“मले कोनं काढलं नाई. मले माह्या हातचं लागते म्हणून मीच वायली निंगाली. तसंच लिव.”

मुलगा खाली मान घालून बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेले. यादी पाठवणाऱ्या साहेबांनी माझं जुनं रजिस्टर समोर सरकवलं. नोकरीचा बदल खरा आहे, कुटुंब तुम्हीच एकत्र लिहिलंय, मग खूण करून मोकळ्या व्हा, असा त्यांचा सल्ला. मी नाही म्हटलं. तेव्हा ते चिडले.

“ताई, खोटं मागच्या वर्षी लिहिलंत की आता लिहिताय?”

“मागच्या वर्षी चुकलं, साहेब. चूक माही हाय, तिची नाई. सजा बी मलेच द्या.”

माझ्या सर्वेक्षणातली नोंद चुकीची आहे, असा अर्ज मी तिथंच लिहिला आणि प्रतीवर आवक शिक्का मागितला. बाबू म्हणाले, शिक्केवाले उद्या येतील. मी म्हटलं, मग उद्यापर्यंत बसते. डब्यातली पोळी काढून बाकावर जेवायला लागले. जेवण होईपर्यंत शिक्का त्यांच्याच खणात सापडला.

सोमवारी साहेब स्वतः पाहायला आले. म्हातारीच्या घरी कोणी आधी कळवलं नव्हतं, आणि सजवण्यासारखं तिथं काही नव्हतंही. म्हातारी पडवीत भाकर थापत होती. एक तवा, एक ताट, एक गिलास. साहेब वाकून आत गेले, धुरानं डोळे चोळत बाहेर आले आणि माझ्या कागदाखाली सही करून गेले. मंगळवारी दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड चालू दिसलं. बुधवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. मुलगा पूर्ण वेळ तिच्या उशाशी होता, हेही लिहून ठेवते, कारण गावानं ते सांगितलं नाही.

म्हातारीचे टाके निघाले त्याच आठवड्यात मला नोटीस आली. सर्वेक्षणात चुकीची माहिती का भरली, याचा लेखी खुलासा द्या. ओळखीच्या बाया म्हणाल्या, माफी मागून टाक. मी माफी मागितली नाही. चूक कबूल केलीच होती. आता फक्त कारण विचारलं होतं, तेवढं लिहिलं: त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, आणि त्याच गंजातली खीर मीही खाल्ली होती.