रनिंग किती धरू?

"वर्षाला रनिंग किती धरू, सर?"

सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझर बाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला होता. त्यांच्या पुढ्यात कॉम्प्युटर होता, हातात प्लॅनचा गुळगुळीत कागद. समोरच्या दोन खुर्च्यांवर मी आणि बायको. वर्षभर मी ज्या प्रश्नाला भीत होतो तो जालना रोडवरच्या एका एसी हॉलमध्ये, इतक्या अदबीनं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

गाडीला दोन वर्षं झाली होती. फुकटातली तिसरी सर्व्हिसिंग मागच्या वर्षी संपली. आता पैसे देऊन करायची पहिली, आणि त्यावर त्यांचा प्रीपेड प्लॅन. चार वर्षांचे पैसे आज भरायचे, मग मजुरी, ऑइल, फिल्टर सगळं त्यांच्याकडे. भाव वाढला तरी आपल्याला झळ नाही. ब्रेक, क्लच, टायर, बॅटरी मात्र त्यात धरलेलं नाही. गाडी दर वर्षी किंवा दर दहा हजार किलोमीटरला आणायची, जे आधी येईल ते. म्हणजे ज्याची गाडी पळते त्याला परवडतं. ज्याची उभी असते त्यानं उगाच चार वर्षांचे पैसे अडकवू नयेत. हे मला माहीत होतं. ऑफिसातल्या सहकाऱ्यानंही तेच सांगितलं होतं, "गावाकडं जाणं-येणं असेल तर डोळे झाकून घे. नसेल तर त्यांना देणगी देऊ नको."

जाणं-येणं आहे, असं मी त्याला सांगितलं होतं. बायकोलाही तेच माहीत होतं. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, मी लासूर स्टेशनला आईकडे जातो. प्लॅनचा आग्रह तिचाच होता. "तुम्ही एकटे हायवेनं जाता. गाडीची काळजी नको," असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती. तेव्हा मी मान डोलावली. ते गारखेड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात सोपं होतं.

खरं असं होतं की मी लासूरला जातच नव्हतो.

गारखेड्यातून निघायचो. छावणी ओलांडायचो. पडेगाव आलं की डावा इंडिकेटर द्यायचो आणि रस्त्याकडेच्या एका चहाच्या हॉटेलापाशी गाडी लावायचो. दोन-अडीच तास तिथं. दोन चहा, एखादं भजं, हॉटेलातला शिळा पेपर. मधेच थोरल्या भावाला फोन. दादाला सांगायचो की शनिवारीही ऑफिसात ऑडिट चालू आहे, यायला जमत नाही, आई कशी आहे. तो म्हणायचा, "हाय तशीच हाय." मग घरी येऊन बायकोला सांगायचो, आहे तशीच आहे. शब्द दादाचेच असायचे, म्हणून ते खोटं आहे असं मला पुरतं वाटायचंही नाही. माणूस स्वतःला किती सवलत देतो.

आईला मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून लासूरला नेल्यावर पहिले दोन शनिवार मी खरोखर गेलो. ती माझ्याकडे बघायची. नुसती बघायची. तिच्या तोंडून एकच शब्द निघत होता, "बस". तो शब्द ती सगळ्यांनाच म्हणायची. दादा म्हणायचा, बस म्हणती, टेक जरा. मला मात्र तो दुसराच ऐकू यायचा. बास झालं, असा. तिसऱ्या शनिवारी पडेगावच्या पुढं माझ्याच्यानं जाववलं नाही.

दिवाळीत आम्ही सगळे एकत्र लासूरला गेलो तेव्हा आता उघडं पडणार याची मला खात्री होती. मी आईच्या खोलीत पाच मिनिटं उभा राहिलो आणि दादाबरोबर मोंढ्याच्या बाजारात निघून गेलो. परतल्यावर बायकोचा चेहरा नेहमीसारखा होता. सुटलो, असं वाटलं.

आता ॲडव्हायझर बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मनात गणित करत होतो. जास्त आकडा सांगितला तर प्लॅन घ्यावा लागणार, कमी सांगितला तर बायको विचारणार. मग वाटलं, घेऊनच टाकू. सही करू आणि इथून निघू. न केलेल्या प्रवासासाठी, चार वर्षांची सर्व्हिसिंग. खोटं झाकायला माणसं याहून वाईट गोष्टी करतात, असं समाधानही मी त्या दोन-चार सेकंदांत करून घेतलं.

"धरा की भरपूर," बायकोच म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी लासूरला जातात हे. जाऊन-येऊन ऐंशी. रस्ता झिजला असेल ह्यांच्यामुळं."

ती हसून म्हणाली. बाईही हसल्या.

"मग तर घ्याच मॅडम. थांबा, मागचं रीडिंग बघते." त्यांनी माऊस फिरवला. मी टेबलाची कड धरून बसलो. "मागची सर्व्हिसिंग…" त्यांनी तारीख वाचली. "त्यानंतर आजपर्यंत…" त्या थांबल्या. त्यांनी जॉबकार्डावर सकाळी लिहून घेतलेला आकडा पुन्हा पाहिला. "एकोणीसशे किलोमीटर."

"वर्षाचे?" बायकोनं विचारलं.

"हो मॅडम, वर्षाचे."

लासूरचेच तेवढे व्हायला हवे होते. पुण्याचं लग्न, मुलीला नाशिकला सोडायला गेलो ते, शहरातलं फिरणं, हे सगळं कुठं गेलं? बायको तर दूधवाल्याचे खाडे तोंडी सांगणारी. हे गणित तिला कागदावर मांडायची गरज नव्हती.

बाईंनी काचेपलीकडच्या साहेबांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "खरं सांगू का? एवढ्या रनिंगला प्लॅन नाही परवडत. वर्षातनं एकदा या, करून न्या. मी बोलले म्हणून सांगू नका."

"राहू द्या मग," बायको म्हणाली. "बिल करा."

पण मला त्या आकड्यापेक्षाही त्यांनी वाचलेल्या तारखेनं धरलं होतं. ती तारीख आमच्या घरात कुणी विसरणार नाही. आईला झटका आला तो दिवस. त्या सकाळी मी याच हॉलमध्ये, भिंतीकडेच्या त्या सोफ्यावर नंबरची वाट बघत बसलो होतो. नऊ वाजता आईचा फोन आला. दादा मोंढ्यात गेला होता, वहिनी माहेरी होती.

"उजव्या हाताला मुंग्या यायल्यात रे," ती म्हणाली. "कपच धरता येईना. येतू का जरा?"

मी म्हणालो, "आई, गाडी सर्व्हिसिंगला आणलीय. फुकटातल्या सर्व्हिसिंगचा आज शेवटचा दिवस. उद्या सकाळी येतो, डॉक्टरकडं जाऊ."

"बरं बरं. तुझं काम कर," ती म्हणाली.

गाडी अजून आत घेतली नव्हती. चावी माझ्या हातात होती. दादाला एक फोन करायचं सुद्धा मला सुचलं नाही. सुचलं नाही हे खरं का, की सुचून टाळलं, हेही आता नक्की सांगता येत नाही. दुपारी चारला दादा घरी आला तेव्हा ती ओट्याशी पडलेली होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

त्या फोनबद्दल सांगू शकणारं माझ्याशिवाय एकच माणूस होतं आणि त्याची वाचा गेली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात हे लक्षात आलं तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. पुढं वर्षभर पडेगावला बसायला लागलं ते त्या क्षणापायी.

गाडी धुऊन मिळाली. बाहेर पडल्यावर मी गारखेड्याकडे वळायला लागलो.

"लासूरला चला," बायको म्हणाली.

"आत्ता?"

"शनिवारच आहे ना."

मी दोनदा गाडीच्या आवाजाबद्दल काहीतरी बोललो. तिनं हूं केलं. छावणी गेली. पडेगाव आलं आणि माझ्या हातानं, मला न विचारता, डावा इंडिकेटर दिला.

टिकटिक आवाज आला तेव्हा मला कळलं. तिनं इंडिकेटरकडे पाहिलं, मग हॉटेलाकडे. हॉटेलवाल्यानं माझी गाडी बघून ओळखीचा हात केला.

"इथं होय," ती म्हणाली. "मी म्हणत होते, दर शनिवारी शर्टाला भज्याच्या तेलाचा वास कसा."

मी गाडी कडेला घेतली.

"जाऊबाईंनी मला दिवाळीतच सांगितलं, तुम्ही येत नाही म्हणून," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. आज तिथं सुद्धा वाट बघितली. तुम्ही तर सही करून मोकळे झाला असता."

मग मी तिला फोनचं सांगितलं. स्टिअरिंगकडे बघत, सगळं, चावी हातात होती तेही. व्हरांड्यातलं हायसं वाटणं सांगताना आवाज इतका खाली गेला की तिनं पुन्हा विचारलं आणि मला ते दोनदा सांगावं लागलं. येत नाही हे तिला माहीत होतं. हे नव्हतं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला नाही. ठेवावा असं मला वाटत होतं, हेही कबूल करतो.

"हे भाऊजींना तुम्ही सांगणार का मी सांगू?" ती शेवटी म्हणाली.

"मी सांगतो."

"मग चला."

पडेगाव ते लासूर हा रस्ता मला आधी कधी इतका कमी वाटला नव्हता.

दादा दारातच होता. मला बघून म्हणाला, "काय रं, आज ऑडिटला सुट्टी का?" मग बायकोकडे बघून जरा ओशाळला. आत वहिनी आईला पेज भरवत होती. आईनं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बस."

मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा राहून गेलं असतं. उभ्या उभ्याच म्हणालो, "दादा, त्या दिवशी सकाळी आईनं मला फोन केला होता." पुढचं तुटक तुटक सांगितलं. आई ऐकत होती. वहिनीचा चमचा वाटीतच राहिला.

दादा रागावेल, हात उचलेल, असं मी वर्षभर मनात रंगवलं होतं. त्यानं आधी विचारलं, "किती वाजता?"

"नऊला."

"नऊला." तो भिंतीला टेकला. "म्या आलो तव्हा मोबाईल तिच्या हातात व्हता. मला वाटलं मलाच लावत व्हती. कांद्याचा लिलाव चालू व्हता, गलक्यात मला ऐकू आला नसंल, असं वाटलं. मिस कॉल नव्हता, तरी वाटलं. वर्षभर म्या तेच धरून बसलोय." त्यानं वहिनीकडे बघितलं. "हिला इचार, किती राती."

"व्हय," वहिनी म्हणाली. "लई समजावलं. नाय ऐकलं."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझं गप्प बसणं माझ्यापुरतं आहे, त्याची शिक्षा मी पडेगावला एकटा भोगतोय, असं मी धरून चाललो होतो. ते ओझं चाळीस किलोमीटरवर माझा भाऊ उचलत होता आणि मी त्याला फोन करून आई कशी आहे विचारत होतो.

दादा मागच्या अंगणात गेला. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्याच्या मागं जावं असं वाटलं, पण बायकोनं मानेनं नको म्हटलं. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माझा मोंढा असतू शनिवारी. हिला पण शेताकडं जावं लागतं. तिच्यापाशी माणूस लागतं."

"येतो," मी म्हणालो.

"ऑडिट?"

"नाही. येतो."

दादा अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्यानं मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही.

वहिनीनं वाटी माझ्या हातात दिली. आईचा डावा हात चादरीवर होता, तेवढाच हलणारा. तिनं तो दोनदा पलंगाच्या कडेवर आपटला आणि पुन्हा म्हणाली, "बस."

मी बसलो. पेज गार झाली होती. चमचा कुठल्या बाजूनं घालायचा हे मला ठाऊक नव्हतं. पहिला सगळा हनुवटीवरून ओघळला, आणि ते पुसायला बायकोनं माझ्या हातात फडकं दिलं.