आधी कंबर, मग हात

येसूनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोरीवरचे बोंबील काढणं. दुपार होती. ती काढायची, मी टोपलीत भरायचो. "कोंबू नका असं, मोडतील," एवढं बोलली. मग पाणी पिऊन येते म्हणून आत गेली आणि माठाजवळच बसली. मी हाक मारली, ओ नाही. संध्याकाळी तिला जाळून आलो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

मी चौथी शिकलेला, लिहायची सवय नाही. पण आमच्या राई गावात माझ्या बायकोला 'बॅटवाली म्हातारी' म्हणायचे आणि तिनं बॅट जन्मात हातात धरली नव्हती. हे कुणीतरी लिहायला हवं.

एकोणीसशे सत्तर साल उलटलं होतं. येसू डोक्यावर पाटी घेऊन भाईंदरला मासळी विकायला जायची. वाटेत शाळेचं मैदान. तिथं खेळाच्या देसाईबाई मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होत्या. क्रिकेटसारखाच खेळ, पण बॅट सोट्यासारखी गोल, आणि चेंडू टप्पा न पडता येतो. आमच्या पोरी बॅट वरून खाली आपटायच्या. जन्मभर धुणं धोपटलेलं आणि भात झोडलेलं, दुसरं काय येणार? चेंडू एक तर चुकायचा, नाही तर पायापाशी मरायचा.

येसू थांबली आणि मोठ्यानं हसली. "बाय, पोरींना खेल शिकवतंस कं धुना?"

देसाईबाई चिडल्या. "आजी, तुम्हाला येतं का? या, मारून दाखवा."

"मना कशाला येयाला पायजे? सुईण सोता बाळंत होते कं?"

बाई हसल्या, आणि तिथंच येसूचं फावलं. पाटी खाली ठेवून ती पोरींच्या मागं उभी राहिली ती दोन वर्षं.

तिला कळायचं कसं, ते सांगतो. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून खाडीत पाग टाकायला तो हिलाच न्यायचा. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. ते दंडाच्या जोरानं जात नाही. आधी पाय रोवायचा, मग कंबर फिरवायची, हात शेवटी. "हात आदी सुटला तं जालं पायाशी परतं," ती पोरींना सांगायची. "आन बॅटीचाबी तसाच हाय."

मग एकेकीची खोड काढायची. कंबर न फिरवणारीच्या कमरेला जाळ्याची दोरी बांधायची, गाठ बेंबीवर. "ती गाठ आदी चेंडूकरं बगूं दे. मंग तुजं हात." चेंडूला भिऊन पाय मागं घेणारीच्या टाचेमागं कालवांची शिंपं मांडायची. पाय मागं आला की कापणार. देसाईबाई ओरडल्या तर म्हणाली, "एकदाच कापतंय बाय, दुसऱ्यांदा न्हाय." एक पोरगी मारायच्या आधीच चेंडू कुठं जाणार ते बघायला मान उचलायची. तिला म्हणायची, "तिकरं काय नवरा उभा हाय तुजा? आदी मार, मंग बग."

चेंडू टाकायला मी. जाळी विणून माझी पाठ गेलेली, बसून टाकायचो. चुकीचा टाकला तर पोरींसमोर शिवी खायचो.

माझ्या पुतण्याची मुलगी मंजुळा त्यांतली सगळ्यात तयार. ती पुढं जिल्ह्याकडून खेळली, ते भाईंदरला सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेव्हा तिच्या बापानं, गणपतनं, अट घातली होती. जिल्ह्याच्या संघात घेतली तर शाळा चालू, नाही तर पाटी डोक्यावर आणि वर्षात लगीन. येसू त्याला म्हणाली होती, "गणपत, पाटीचा वजन मना इचार." पण त्यानं अट सोडली नाही.

येसू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निवड होती.

गणपत एकाच भावकीतला, म्हणजे सुतक त्यालाही आणि मंजुळेलाही. मी पहाटे त्याच्या दारात गेलो तर तो म्हणाला, "काका, सुतकान खेल? गाव थुंकंल."

"मेली ती माजी बायको," मी म्हटलं. "गावाला थुंकायचं तं माज्यावर थुंकू दे. पोरीला बाहेर काढ."

मंजुळेला घेऊन मैदानावर गेलो तर देसाईबाईंनी विचारलं, "आजी कुठं राहिल्या?"

"काल गेली."

बाईंना वाटलं परगावी. मग कळलं. त्यांनी तोंडावर पदर धरला. मी चेंडू मागून घेतले.

मंजुळेचा नंबर यायला वेळ होता. कुंपणाजवळ बसून मी तिला टाकू लागलो. पहिला चुकला. दुसरा चुकला. तिसरा पायापाशी मेला.

"आबा, काय चुकतंय माजा?"

दोन वर्षं मी टाकत होतो आणि मला सांगता येईना. पोरींकडं मी कधी बघितलंच नव्हतं. चेंडू हातातून सुटला की मी मागं उभ्या येसूकडं बघायचो. तिची मान हलली की चांगला, नाही हलली की वाईट.

"मना ठाव न्हाय गो," मी म्हटलं. "मी तिच्याकरंच बगायचो."

मंजुळेनं नाक पुसलं. मग पुन्हा बॅट उचलली. "मंग आता माज्याकरं बगा."

मी चेंडू टाकला आणि तिच्या कमरेकडं बघितलं.

"हात आदी गेला," मी म्हटलं, आणि पुढचा उचलला.