हिरीबाईंच्या भिंतीवरची खूण

हिरीबाई मूळच्या विसरवाडीकडच्या. नंदुरबारच्या लहानशा मिशन दवाखान्यात आखडलेले हातपाय चोळून मोकळे करायचं काम त्या करीत. बोलणं शाळेत शिकलेल्या मराठीतलं, हात मात्र लोखंडाचे.

१९३४ साली होळीनंतर धानोऱ्याचे पितांबर पाटील बैलगाडीवरून पडले. हाड शाबूत होतं, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मोकळा झाला नाही, तर खांदा असाच धरून राहील. आणि आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकींचा झोका दरवर्षी निंबाला पाटीलच बांधत.

दर तिसऱ्या दिवशी ते येत. हिरीबाई तेल तापवून खांदा चोळत, मग भिंतीवर बोटं चढवायला लावत आणि जिथवर पोहोचतील तिथे कोळशाने खूण करत. चोळल्यावर खूण चार बोटं वर जाई, पुढच्या खेपेला पुन्हा खाली. आपलाच हात कमी पडतोय असं वाटून त्या आणखी जोर लावू लागल्या.

"हिरीबाई, खांदा शे हाऊ, कणिक नही," पाटील म्हणाले.

असे तीन आठवडे गेले. मग एकदा त्यांच्या पत्नी शोभाबाई सोबत आल्या. पाटील बाकावर बसल्या बसल्या पेंगत होते.

"रात्री झोप लागते ना?" हिरीबाईंनी विचारलं.

"चांगली लागस."

"खोटं बोली ऱ्हायनात," शोभाबाई म्हणाल्या. "कण्हतस, मंग उठीसन भितले टेकीसन बसतस."

हिरीबाईंनी पाटलांना बाकावर नेहमीसारखं निजून दाखवायला सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर वळले. सगळा भार दुखऱ्या खांद्यावर.

"डाव्या कुशीवर का नाही निजत?"

"देवकडे पाठ व्हई जास."

पाटलांच्या घरी बाजेशेजारच्या भिंतीत देवाचा कोनाडा होता. वडिलांच्या वेळेपासून त्या घरात कुणी देवाकडे पाठ करून निजलं नव्हतं.

हिरीबाई ख्रिस्ती. दुसऱ्याच्या देवाला हलवा म्हणणं त्यांना जमलं नसतं. त्यांनी पाटलांना उठवलं, बाकाच्या दुसऱ्या टोकाला डोकं करून डाव्या कुशीवर निजवलं आणि उजव्या हाताखाली घडी घातलेली गोधडी दिली. तोंड पुन्हा त्याच भिंतीकडे.

"घरी पायथ्याकडे उशी करा. देव समोरच राहतील."

"मंग तीन आठवडा माले रगडं कसाले?"

"ते माझं चुकलं," हिरीबाई म्हणाल्या. शोभाबाई पदराआड हसल्या.

पुढच्या खेपेला खूण खाली आली नव्हती. त्यानंतरच्या खेपेला दोन बोटं वर गेली. तेव्हापासून हिरीबाई प्रत्येक रोग्याला आधी निजून दाखवायला सांगत, तेलाची वाटी नंतर.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पाटील पुरणपोळ्या घेऊन आले. तळहातांवर दोराचे वळ होते. त्यांनी उजवा हात सगळ्या खुणांच्या वर नेऊन भिंतीला टेकवला.

हिरीबाईंनी त्यांच्यासाठी चुलीवर तापत ठेवलेलं तेल उतरवून ठेवलं.