गोल ब्रश आणि प्राचीचं साक्षगंध

माझ्या डोक्यावर केस फार नाहीत. डाव्या कानाशी एक लांब बट आहे. ती मी रोज सकाळी टकलावरून उजव्या कानापर्यंत नेऊन ठेवतो आणि लोकांनी तिला भांग समजावं अशी अपेक्षा करतो.

आमच्या प्राचीच्या साक्षगंधाच्या दिवशी ही बट जरा फुगवावी असं मला वाटलं. (मुलीचा बाप कसा भारदस्त दिसला पाहिजे!) प्राचीचा गोल ब्रश आरशासमोर पडला होता. त्यावर बट गुंडाळली. तीन वेढे छान बसले. सोडवायला उलटा फिरवला तर चौथाही बसला!

ओढला. डोकं सोबत आलं.

"काहो, काय करून राहिले आतमध्ये?" माझ्या बायकोनं, सुनंदानं, दार ढकललं. माझ्या कानावर लोंबणाऱ्या ब्रशकडे तिनं शांतपणे पाहिलं. "पाव्हणे अकराले येऊन राहिले. साडेदहा झाले."

"मले काय सांगतं? ब्रशले सांग!"

वाटीभर खोबरेल तेल ओतलं. ब्रश चमकायला लागला, पण सुटला नाही.

"कैची आणतो मी," सुनंदा म्हणाली.

"नाही वं! ही बट गेली तर माझ्याजवळ उरते काय?"

"आता तरी काय आहे?"

तेवढ्यात प्राची आली आणि किंचाळली, "बाबा! माझा ब्रश!" (त्याला लटकलेला बाप तिला दिसला नाही.)

शेवटी निदान ब्रशची दांडी कापायचं ठरलं. मी स्टुलावर बसलो. सुनंदानं माझं डोकं बगलेत धरून करवत चालवली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा एवढा उत्साह मी पाहिला नव्हता! उरलेल्या ठोकळ्यावर पुतण्याच्या लग्नातला तयार फेटा दाबून बसवला. डावीकडून तो जरा उंच दिसत होता, पण रुबाब होता.

पाहुणे आले, चहापाणी झालं. मे महिन्यातलं ऊन, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. प्राचीच्या बोटात अंगठी जायला आणि फेट्यातून तेल सुटायला एकच गाठ पडली. एक ओघळ कपाळावरून डोळ्यात गेला, तिथून गालावर. डोळा असा झोंबला की सोबतीला दुसराही वाहायला लागला.

व्याही गहिवरले. "रडता काहून जी? पोरगी काय परदेशात चालली? गावातल्या गावात, नंदनवनातून प्रताप नगरले तर येऊन राहिली!" म्हणत त्यांनी मला कडकडून मिठी मारली. ते माझ्याहून हातभर उंच. त्यांच्या हनुवटीच्या धक्क्यानं फेटा मागे कलला आणि खाली पडला.

कानावरचा तेलकट ठोकळा सगळ्यांसमोर आला.

"हे काय होय जी?" विहीणबाईंनी विचारलं.

"ब्रश," मी म्हणालो. (दुसरं काय सांगणार?)

विहीणबाई उठल्या. कैची मागवली. कच, कच, कच! ब्रश बटेसकट त्यांच्या हातात आला. ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी तो ओवाळणीच्या ताटात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला. मग प्राचीच्या पाठीवर हात फिरवत हळूच विचारलं, "बेटा, तुझे बाबा नेहमी असेच करतात काय?"

"नाही काकू," प्राची म्हणाली, "आज पाव्हणे येणार होते म्हणून जरा नीट वागून राहिले."