पहिला बाक मताला टाकला तेव्हा

सातवीला राज्यकारभाराचे प्रकार शिकवायला मला दरवर्षी तीन तास पुरतात. राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही. फळ्यावर तीन रकाने, प्रत्येकाखाली चार ओळी, आणि खाली जांभया देत उतरवून घेणारी पोरं. गेल्या वर्षी मला त्या जांभया सहन होईनात. वीस वर्षं नोकरी झाली की बाईला एक तर सगळं चालतं, नाही तर काहीच चालेनासं होतं. माझं दुसरं झालं होतं. खडू खाली ठेवला आणि मनाशी म्हटलं, वर्गातली एक खरी गोष्ट यांच्या ताब्यात देऊन बघू.

ती गोष्ट म्हणजे बाक. आमच्या शाळेत जो आधी येईल तो हव्या त्या बाकावर बसतो, अशी जुनी पद्धत आहे. वर्गात दोन पंखे, त्यातला एक नुसता टांगलेला. मागच्या खिडकीला लागून गॅरेज. तिथं दिवसभर गाड्यांचे पत्रे ठोकतात. म्हणजे वारा हवा तर मधल्या ओळीतला तिसरा नाही तर त्याच्या आसपासचा बाक, आणि शिकवलेलं ऐकायचं तर पहिला. बाकी सगळे बाक घाम आणि ठणठणाट. गरजा पुष्कळ आणि साधनं थोडी, हे अर्थशास्त्राचं पहिलं वाक्य शिकवायला मला वर्गाबाहेर जायची गरजच नव्हती.

तीन आठवड्यांचा बेत केला. पहिल्या आठवड्यात एक राजा बाक वाटेल. दुसऱ्यात कुणीच राज्य करायचं नाही, बाकांचा बाजार भरवायचा. तिसऱ्यात मतदान, आणि त्यात जे ठरेल ते पंधरा दिवस चालवायचं. वहीत हे सगळं नीट आखलं. एक गोष्ट आखायची राहिली, ती नंतर सांगते.

त्याआधी पहिल्या बाकावरच्या मुलीबद्दल सांगायला हवं. ती कबनूरची. घरात कापड विणायचे माग आहेत. शिकायला इथं मामाकडे राहायची. जूनमध्ये तिची आई शाळेत आली आणि शिक्षकखोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, एक गुपित सांगायचं हुतं." ते इतक्या मोठ्यानं की आतल्या चार बायकांनी चहाचे कप खाली ठेवले. मागांच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसांना हळू बोलताच येत नाही. मी त्यांना मैदानाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. तिथं त्यांनी सांगितलं, पोरीला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

"उजवा बरा हाय. पर कुणाला सांगू नगा. पोरीची जात. उद्या स्थळं बघायला लागलो की लोक हेच काढणार."

"आई, ती बारा वर्षांची आहे."

"व्हय, पर लोक काय आजच मरत न्हाईत. तवर जगत्यात की."

मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला.

मुलीनं तिचा मार्ग आधीच काढलेला होता. मामाचं घर जवळ, ती चालत यायची, आणि शाळा भरायच्या अर्धा तास आधी येऊन डाव्या ओळीतला पहिला बाक धरायची. तिथं बसलं की चांगला कान वर्गाकडे आणि माझ्याकडे. मला काहीच करावं लागलं नाही. असं आपोआप चाललेलं काही असलं की मी त्याकडे बघायचं सोडून देते. हा माझा दोष आहे.

राजाचा आठवडा मजेत गेला. चिठ्ठीत नाव निघालेला मुलगा दोन दिवस लाजला आणि तिसऱ्या दिवशी पंख्याखालचे चार बाक मित्रांना देऊन मोकळा झाला. बाकीच्यांना म्हणाला, "जिथं हायसा तिथंच बसा." गुरुवारपर्यंत त्याच्या विरोधात कागद फिरायला लागला. मी खूश. पुस्तकातली क्रांती एवढ्या लवकर होत नाही.

बाजाराच्या आठवड्यात मी चिठ्ठ्या टाकून बाक वाटले आणि म्हटलं, आता हवी ती अदलाबदल करा, फक्त पैसे मधे आणायचे नाहीत. दुपारी ऊन चढलं की पंख्याखालच्या बाकाचा भाव चढायचा, चार वाजता उतरायचा. भाव म्हणजे चिक्की, गृहपाठ, रिक्षावाल्या मामांशेजारी बसायची पाळी. मागणी आणि पुरवठा हे शब्द मी फळ्यावर लिहिले तेव्हा कुणी जांभई दिली नाही. कबनूरच्या मुलीला चिठ्ठीत शेवटचा बाक आला होता. मंगळवारी ती परत पहिल्या बाकावर दिसली. कसं काय, असं विचारलं तर म्हणाली, "नकाशे काढून देते." मी तिला उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, "बघा, हिच्याकडे कला आहे, ती देऊन हिनं हवी ती वस्तू मिळवली. याला म्हणतात विनिमय." तिनं मान खाली घातली.

शनिवारी भूगोलाच्या वह्या तपासताना पाच वह्यांत कोकणची किनारपट्टी एकाच हातची निघाली. रोज एक नकाशा. बाकीची पोरं वाऱ्यासाठी चिक्की देत होती आणि ही, माझं बोलणं ऐकू यावं म्हणून रोज एक महाराष्ट्र काढत होती. मी त्याचं कौतुक केलं होतं, तेही सगळ्यांसमोर. वह्या बांधून ठेवल्या आणि भाजी आणायला गेले. मेथी घ्यायची होती, शेपू घेऊन आले.

तरी तिसरा आठवडा मी रेटला. बाकांसाठी प्रस्ताव मागवले. आमच्या वर्गात तीन रिक्षांतून येणारी पोरं निम्म्याहून जास्त, आणि एका रिक्षातली पोरं एका घरातल्यासारखी. भांडतील, पण बाहेरच्यापुढे एक. त्यांच्यात एक मुलगी पुढारीण. आवाज भांडी घासल्यासारखा, आणि वर्षभर तिच्या बडबडीसाठी मी तिला सहा वेळा जागा बदलायला लावलेली. ती उभी राहिली.

"बाई, चालत येणारी पोरं वर्षभर पुढं बसत्यात. आमची रिक्षा समद्या गावातनं फिरून घंटेला येती. त्यात आमचा काय गुन्हा? पंधरा दिवस चालत येणाऱ्यांनी मागं बसायचं. पुढचे बाक आमास्नी."

"मग तुमी बी चालत या की!" मागून कुणीतरी.

"एवढ्या लांब कळंब्यास्नं? तू ये आधी आणि मला न्यायला ये."

म्हणणं चुकीचं नव्हतं. गुप्त मतदान झालं, मी मोजलं, प्रस्ताव भरपूर मतांनी पास. निकालाआधी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तुम्ही ठरवाल ते पंधरा दिवस. बाई मध्ये पडणार नाहीत.' मुख्याध्यापकांचं एखादं परिपत्रक असतं तसं, खाली सहीसुद्धा केली होती. कबनूरच्या मुलीनं दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकावर, उजव्या कोपऱ्यात गॅरेजच्या खिडकीला गेली. तिचा चांगला कान आता पत्र्याकडे होता.

पहिल्या दिवशी मी आवाज चढवला. घरी जाईपर्यंत घसा बसला. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या मागे उभी राहून शिकवलं, तर सगळ्यांच्या माना उलट्या.

"बाई, तुमी मागं का उभारलाय?"

"पाय मोकळे करते."

तिसऱ्या दिवशी मी तिला पंचायतीचा कार्यकाळ विचारला आणि तिनं सरपंचाची कामं सांगितली. वर्ग हसला. एक मुलगा म्हणाला, "कानात बोळं घातल्यात काय गं?" तीही हसली, सगळ्यांपेक्षा जरा जास्त.

मला दोन दिवस एका जागी बसवेना. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलंच होतं. "बाई, खेळ पुरे. बाक बदला, पाच मिनिटांचं काम." घरी नवरा म्हणाला, "वर्ग तुझा. हुकूम काढ." दोघांचंही खरं होतं. पण हुकूम काढला की तीन आठवडे जे शिकवलं ते सगळं खोटं ठरणार होतं. मतदान करा, पण बाईंना पटलं तरच. आणि कारण सांगितलं तर पाण्याच्या टाकीमागे दिलेला शब्द जाणार. दुधाचं पातेलं दोनदा उतू गेलं. गाडीवरून जाताना सिग्नल हिरवा झालेला कळला नाही, मागचा माणूस ओरडला, "ओ बाई, झोपलाय काय?" मी इतकी वर्षं लोकशाहीची व्याख्या लिहून देतेय, आणि मला साधं कळलं नव्हतं की मत घेण्याआधी कशावर मत घ्यायचं नाही हे ठरवावं लागतं. आखायची राहिलेली गोष्ट हीच.

पाचव्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "निकाल तुमचा आहे, मी बदलणार नाही. पण निकाल लावताना सगळ्यांचं ऐकलंत का?"

"मत दिलं की समद्यांनी," पुढारीण.

"मत दिलं. म्हणणं कुठं मांडलं? आता प्रत्येकानं चिठ्ठी लिहायची. नाव नको. बसायच्या जागेमुळे किंवा कशानं, ज्याला शिकताच येत नाही त्यानं ते लिहायचं. ज्याला अडचण नाही त्यानं कोरी द्यायची. मी सगळ्या वाचून दाखवणार."

बऱ्याच कोऱ्या आल्या. एकीत 'मला गणितच नको' असं होतं. एका मुलाच्या चष्म्याचा नंबर वाढला होता आणि ते त्यानं घरी सांगितलं नव्हतं. एकाला उजव्या खिडकीच्या उन्हानं फळा नुसता चकाकताना दिसत होता. आणि एक चिठ्ठी नकाशातल्या नावांसारख्या बारीक, सरळ अक्षरात होती. 'बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा मला काहीच कळत नाही. बाक कुठलाही चालेल.'

तीही मी मोठ्यानं वाचली. ती मुलगी माझे ओठ बघत होती. जूनपासून, पहिल्या बाकावरूनही. मी तिच्या कानाचा आणि बाकाचा हिशेब मांडत बसले होते आणि ती माझ्या वळलेल्या पाठीशी झुंजत होती.

वर्गानं मात्र ते वाक्य उचललं. "बाई, खराय ह्ये! तुमी लिवतानाच निम्मं बोलतासा." "आमास्नी बी कळत न्हाय." पहिला नियम तिथल्या तिथे झाला: बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. एकही मत विरोधात नाही. मीसुद्धा हात वर केला.

दुसऱ्यावर मात्र भांडण जुंपलं. अडचण असेल त्यानं हवा तो बाक आधी घ्यावा, इथपर्यंत सगळे आले. मग राजा झालेला मुलगा म्हणाला, "पर नाव कळल्याबिगर खरं-खोटं कसं ठरवायचं? उद्या समदीच म्हणतील मला अडचण हाय, आणि पंख्याखाली बसतील."

मी फळा पुसायला लागले. बोलले असते तर माझ्या तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही.

पुढारीण उठली. "म्हणू देत की. खोटं बोलून बसला तर बसू दे. पर खऱ्या अडचणीवाल्याला समद्यांसमोर उभा करून विचारायचं? तुला विचारू व्हय, तुझ्या पोटात काय होतंय ते?"

राजा खाली बसला. नियम पास झाला: अडचण असलेल्यानं आधी बसायचं, कारण कुणी विचारायचं नाही. बाईंनीही नाही. आणि यावर पुन्हा मत घ्यायचं नाही. शेवटचं वाक्य मी सुचवलं आणि खाली सही केली, एवढीच माझी ढवळाढवळ.

सोमवारी मी मुद्दाम घंटेनंतर वर्गात गेले. चष्म्यावाला पुढं आला होता. उन्हाचा त्रास असलेला डावीकडे सरकला होता. कबनूरची मुलगी डाव्या ओळीत पहिल्या बाकावर. आणि तिच्याशेजारी, भिंतीच्या बाजूला, म्हणजे तिच्या बंद कानाकडे, पुढारीण. पंख्याखालची, मतांनी मिळवलेली जागा सोडून. तिथं वारा नव्हता, आणि तिच्या बडबडीचा तिथं काही उपयोगही नव्हता. त्या पंधरवड्यात ती तासाला एकदाही बडबडली नाही.

मी हजेरी घेतली आणि तिच्याकडे बघितलं.

"काय ओ बाई?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि सवयीनं फळ्याकडे वळून पुढचं बोलायला लागले.

"बाई, नियम!" पन्नास पोरं ओरडली. गॅरेजमधला ठोकणारा माणूससुद्धा थांबला.

पुढारीण तिथं का आली, हे मला आजही माहीत नाही. तिला खरंच काही अडचण होती, की कुणाला एकटीनं दप्तर उचलावं लागू नये म्हणून आली, की माझ्यासारखीच तिनंही ती बारीक अक्षरं ओळखली? नकाशांच्या त्या पाच वह्यांतली एक तिची होती. वर्षभर प्रश्न ओठावर येत राहिला. दोनदा तिला व्हरांड्यात थांबवलं आणि वेळापत्रकाचं काहीतरी विचारून सोडून दिलं. नियमाखाली माझी सही होती.

एप्रिलमध्ये निकाल घ्यायला कबनूरच्या मुलीच्या आई आल्या. या वेळी मी त्यांना दारातूनच सरळ टाकीमागे नेलं. गुणपत्रिका त्यांनी उलटीसुलटी बघितली, घडी घातली, आणि टाकीवरचे पारवे उडतील अशा आवाजात विचारलं, "बाई, कुणाला कळलं न्हाय न्हवं?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "विचारायला बंदी आहे."