चौदा सिलिंडरचं इंजिन आणि आम्ही तिघं

एका शेडमध्ये तीन वर्षं सोबत काढली की किस्से इतके साचतात, की आधी कोणता सांगावा कळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका विमानतळावर आम्ही वऱ्हाडातले तिघं इंजिन फिटर होतो. अमडापूरचा इब्राहिम, घरचं लोहारकाम. उंद्रीचा नामदेव, घरी वांगी-मिरच्यांचा मळा. आणि साखरखेर्ड्याचा मी. ते दोघं आता नाहीत, म्हणून सांगायचं माझ्यावर आलं.

*

डाकोटा विमानाचं इंजिन गोल. चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा. पहिल्या दिवशी झाकण काढलं तर नामदेव बघतच राहिला.

"हे त सूर्यफूल आहे बे!"

गोऱ्या सार्जंटनं विचारलं, हा काय म्हणतो? मी सांगितलं, "इंजिन मजबूत आहे म्हणतो." सार्जंट खूश झाला आणि सगळ्यात जड हत्यारपेटी त्यानं नामदेवाच्या खांद्यावर दिली.

"तू काय सांगतलं त्याले?" नामदेव वर्षभर विचारत होता.

*

बंद पडून राहिलेल्या इंजिनातलं तेल झिरपून तळाच्या सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून चालू करण्याआधी पंखा हातानं फिरवून पाहायचा. एका सकाळी पायलटला घाई होती. "राहू दे," म्हणाला. नामदेव पंख्यासमोर उभा राहिला.

"सरक, नोकरी जाईन," मी म्हटलं.

"जाऊ दे. मळा आहे मले."

शेवटी फिरवला, तर पंखा मध्येच अडला. तळाला तेल भरलं होतं. तसंच चालू केलं असतं तर आतला दांडा वाकून इंजिन हवेत बंद पडलं असतं. पायलट नामदेवाशी एक शब्द बोलला नाही. मीही शाबास म्हटलं नाही. ते राहूनच गेलं.

*

इंजिन अडखळलं की इब्राहिम ते थांबवून प्रत्येक सिलिंडरवर बोटांनी पाणी शिंपडायचा. जिथं चर्र झालं नाही, तो सिलिंडर थंड, म्हणजे बिघडलेला.

"तवा तापला का नाही, घरी असंच पाह्यतेत," तो म्हणायचा.

त्याला चार्जमन, म्हणजे फिटरांचा मुकादम, करतील असं सगळ्यांना वाटत होतं. पण इंग्रजी मला येत होतं. चार्जमन मी झालो.

*

लढाई संपली. राहिलेली इंजिनं कुणाला न विकता फोडून टाका, असा हुकूम आला. त्यात इब्राहिमनं पंधरा दिवस खपून जोडलेलं एक होतं, अजून एकदाही न चाललेलं.

"एक डाव चालू करून पाहू दे," तो मला म्हणाला. "मंग मीच फोडतो."

"साहेब नाही म्हणतेत."

"इचारलं का त्याईले?"

"हाव," मी म्हटलं. विचारलं नव्हतं. शेडच्या गोऱ्या साहेबांची खोली वीस पावलांवर होती. पण नवी चार्जमनकी होती, भीती वाटली.

इब्राहिमनं घण उचलला.

संध्याकाळी साहेब आले. तुकडे पाहिले, मग इब्राहिमकडं वळून म्हणाले, "नया इंजिन था. चलाने को काहे नहीं मांगा? हम भी सुनता."

इब्राहिम बादलीपाशी गेला. त्यानं हात धुतले आणि साबण माझ्यासाठी काठावर ठेवला.