पाहुणीची नोंद

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या टाइम ऑफिसात मी तीस वर्षं काढली. काम एकच, गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद. मालकाच्या सख्ख्या मेव्हण्यालाही सही केल्याशिवाय आत सोडलं नव्हतं, ही गोष्ट मी लग्नाकार्यात अजून सांगतो. रिटायर झालो तेव्हा ठरवलं, आता कुणाचंही नाव लिहून घ्यायचं नाही.

मग पोलंडची ती मुलगी आमच्याकडे राहायला आली. माझ्या लेकीची मैत्रीण, तिच्याकडूनच मराठी शिकलेली. लेक बंगळुरूला, तिची खोली रिकामीच होती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यांवर हिला संशोधन करायचं होतं, व्हिसा सहा महिन्यांचा. मी भाडं घ्यायला साफ नकार दिला. लेकीची मैत्रीण म्हणजे पाहुणी, विषय संपला.

पहिल्याच संध्याकाळी तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. परदेशी माणूस ज्याच्या घरी उतरतो त्याने चोवीस तासांत सी फॉर्म भरून सरकारला कळवायचं असतं, आणि तो घरमालकानेच भरायचा असतो, असं तिने मला नीट समजावून सांगितलं. माझं डोकंच फिरलं. घरी आलेल्या पाहुण्याची वर्दी द्यायची? आमच्यात असलं होत नाही. बायको म्हणाली, भरून टाका की, दहा मिनिटांचं काम. मी बघू म्हणालो. दुसऱ्या दिवशी पोरीने पुन्हा विचारलं, तेव्हा पेपरातून मान वर न काढता मी म्हणालो, "भरला. तू काळजी करू नकोस."

का बोललो असं? कटकट मिटावी म्हणून, दुसरं काही नाही.

पाच महिने मजेत गेले. शेअर रिक्षाने ती कॅम्प तीनला जायची आणि येताना तिथली खिचडी भाषा घेऊन यायची. काकू, टेन्शन नका घेऊ यार, असं माझ्या बायकोला म्हणायची. मला वाटायचं, बघा, फॉर्मवाचून कुणाचं काही अडलं का?

अडलं. काम लांबलं, व्हिसा वाढवायची वेळ आली. सकाळच्या चहाला तिने सहज विचारलं, काका, त्या सी फॉर्मची कॉपी द्याल का, अर्जाला जोडायची आहे. मुदत संपायला तीन आठवडे होते. वाढ मिळाली नाही तर काम अर्धवट टाकून परत जायचं, आणि नियम मोडल्याचा शेरा बसला तर पुन्हा इथे यायचीही पंचाईत. मी खरं सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कप खाली ठेवला.

"काका, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी दुसरं घर शोधलं असतं. तुम्ही हो म्हणालात."

त्याच दिवशी मी फॉर्म भरला, आणि उशीर का झाला त्याचं पत्र लिहायला बसलो. गेटवर उशिरा येणाऱ्यांकडून मी अशी किती पत्रं लिहून घेतली होती! 'ती आमची पाहुणी होती म्हणून' हे कागदावर इतकं वेडपट दिसलं की खोडलं. चूक माझी आहे, तिने दोनदा सांगितलं होतं, मी तिला खोटं सांगितलं, एवढं लिहून सही केली. व्हिसाच्या सरकारी ऑफिसातल्या साहेबाने ते वाचलं आणि तुमच्यासारख्याला हे कळायला हवं होतं म्हणाला. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. लाज वाटली, फार वाटली.

मुदत वाढून मिळाली. बायकोने शिरा केला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. आठवड्याने तिने सांगितलं, बदलापूरला खोली बघितली आहे. जाताना काकूच्या गळ्यात पडून रडली, मलाही वाकून नमस्कार केला. रागाचा एक शब्द नाही.

बॅगा घेऊन मीच सोडायला गेलो. नवा घरमालक तिशीतला, तुसडा. पाणीसुद्धा विचारलं नाही. दारातच पासपोर्ट मागून घेतला, कॉम्प्युटरवर फॉर्म भरला आणि प्रिंट काढून तिच्या हातात दिली. काय माणूस आहे, मी मनात म्हटलं.

तिने तो कागद तिथेच उभ्या उभ्या वाचला. नाव, पासपोर्ट नंबर, तारीख, एकेका ओळीवरून बोट फिरवत. मी शेजारीच उभा होतो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झालं, मगच तिने माझ्या हातातली बॅग घेतली.